परवान्यावरचं नाव

आमच्या घरात खानावळ आली ती मुंबईच्या गिरणगावातून. कोकणातल्या पिंगुळीहून आजोबा गिरणीत लागले, त्या काळी गावचे पुरुष बायकामुलं मागे ठेवून मुंबईला जात आणि एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. रांधायला त्यांना ना वेळ, ना जागा. ज्या थोड्या बिऱ्हाडांत बाई होती, तिथल्या चुलीवर या सगळ्यांचं पोट चालायचं. लालबागच्या चाळीत माझी आजी अशी दोन वेळा वाढत असे. पैसे पगाराच्या दिवशी. वही आजोबांच्या अक्षरात असायची, पण कोणी किती खाडे केले, कोणाच्या घरी मनीऑर्डर गेली म्हणून या महिन्यात थांबायचं, हे सगळं आजीच्या डोक्यात. "आदी जेवान घाल, मगे पैशे मोज," हा तिचा नेम.

अशा बायकांना उधार किराण्यावर आणि सावकाराच्या व्याजावर दिवस काढावे लागत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना या बायकांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो, याचं मला फार वाईट वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तसा त्यांच्या जेवणाचा हिशेबही थांबला. तरी आजीने कोणाचं ताट बंद केलं नाही. शेवटी घरातली भांडीच गेली, आणि आम्ही पिंगुळीला परतलो.

मग आईने पडवीत चार बाकडी टाकली. मुंबई-गोवा रस्त्यावरचे ट्रकवाले, कुडाळच्या बाजाराला आलेली माणसं, राऊळ महाराजांच्या मठात आलेले भक्त, असं गिऱ्हाईक. मे महिन्यात मसाला व्हायचा. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की बडीशेप आधी करपते आणि वर्षभराचा मसाला कडवट होतो. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं नुसती ठेचून टाकायची, वाटायची नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्यांची आमटी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, चाकरमानी वाढले, बाकडी वाढली. पुढे रस्ता चौपदरी झाला. हात मात्र आईचेच राहिले, आणि पाटीवर देवाचं नाव, परवान्यावर वडिलांचं.

आमच्याच गावात गुढीपूरला ठाकर समाजाने चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवून सांगायच्या कथांच्या, पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीला अभिमान वाटला. गंगावणे कुटुंबाने तर गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. चित्र कागदावर राहतं, म्हणून निदान दाखवता येतं. तिकलं त्याच दुपारी संपतं. पण रांधणारीचं नाव लिहून ठेवायला काय हरकत होती? इटलीत गावोगावी घरच्यांनी चालवलेली छोटी जेवणघरं आहेत, तिथेही पिढ्या आई-आजीच्या हातावर चालल्या. तिथल्या पेल्लेग्रिनो आर्तुसीने १८९१ मध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं, आणि पुढे त्यात एका गोड पावाला आपल्या स्वयंपाकिणीचं, मारिएत्ताचं, नाव दिलं. मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्कही त्याने तिच्या आणि आपल्या आचाऱ्याच्या नावे केले. मला हा माणूस त्याच्या पाककृतींपेक्षा या दोन गोष्टींसाठी मोठा वाटतो.

आता चूल वहिनी सांभाळते. मसाला ती आईच्याच क्रमाने भाजते, फक्त मिरची थोडी कमी, शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी. तुमच्या घरी खानावळ, पोळीभाजी केंद्र, डब्यांचा धंदा असेल, तर परवाना नव्याने काढायला जाल तेव्हा रांधणाऱ्या बाईचं नाव त्यावर घाला. बँकेचं खातंही तिच्याच नावाने उघडा. आमच्या परवान्यावर गेल्या खेपेपासून वहिनीचं नाव आहे.