खोगिराला हवा हवी!

लातूर आणि बुरशी? जोक वाटतो ना? ज्या शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं दमटपणाची तक्रार म्हणजे जरा अतिच. पण श्रावण लातूरलाही येतो, आणि बंद माळ्यावरच्या चामड्याला दुष्काळ-बिष्काळ काही कळत नाही.

आमच्या माळ्यावर आबांचं, म्हणजे आजोबांचं खोगीर होतं. लगाम, तंग, रिकिबी, सगळा साज. घोडी केव्हाच गेली, साज राहिला. यंदा ऐन पावसाळ्यात नांदेडहून काकांचा फोन आला. चुलतभावाने माळेगावच्या यात्रेत घोडी घेतलेली. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेचा घोडेबाजार फेमस. मार्गशीर्षात घेतलेली घोडी आता रुळली होती. "आबांचं खोगीर पाठव पोरी, दसऱ्याला लागतंय!"

नांदेडात दसरा म्हणजे घोड्यांचाही सण. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत घोडे निघतात आणि अख्खं शहर बघायला लोटतं. घरची घोडी असणाऱ्याला त्या दिवसांत सजवल्याशिवाय राहवतंय होय?

खोगीर खाली काढलं तर त्यावर पांढरी-हिरवी लव. आईचा निकाल तयार : "फेकून द्या, नवं घ्या." काकांचा उपाय : "तेल चोळ की, कामून घाबरतीस?"

मी दोघांचंही ऐकलं नाही. चामड्यातली चरबी, घाम, धूळ हे बुरशीचं जेवण. हवेत 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली आणि वारा नसला, की तिचं फावतं. घामातलं मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून वापरलेला साज न पुसता ठेवायचा नसतो. आणि बुरशीवरच तेल चोपडणं म्हणजे तिला आयतं ताट वाढणं!

मग रविवारी सगळा साज गच्चीवर. बुरशीचे कण घरात नकोत, नाकातही नकोत, म्हणून तोंडाला मास्क. बकल सोडून प्रत्येक पट्टा मोकळा केला. कोरड्या मऊ ब्रशने लव झटकली. मग मेडिकलमधलं स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं. आधी खालच्या बाजूला लावून पाहिलं, कारण रंग उतरू शकतो. मग कापड नुसतं ओलसर करून पुसलं, शिवणींच्या खाचांतही. त्यानंतर सॅडल सोप, आणि सावलीत वाऱ्यावर वाळवण. कडक उन्हात चामडं ताठरतं, तडकतं. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा अगदी हलका हात.

खोगीर चकाकलं. पण खरी परीक्षा पुढे होती. तंगाची शिवण अंगठ्याने दाबली, तर दोरा तुटून हातात आला. ओलीने चामड्याआधी दोराच कुजला होता. रिकिबीच्या पट्ट्यालाही वाकवल्यावर चिरा. तंग म्हणजे खोगीर घोडीच्या अंगाला धरून ठेवणारा पट्टा. तो धावत्या घोडीवर तुटला तर स्वार थेट जमिनीवर.

आबांच्या हातचं ते सामान. काढून टाकताना जिवावर आलं. तरी जुनं खोगीर, नवा तंग, नवे पट्टे असं पार्सल नांदेडला गेलं. काकांचा लगेच फोन : "आबांचा तंग कुठंय?"

"इथंच आहे, काका. जपून ठेवलाय. पण घोडीवर आपलं पोरगं बसणार आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "बरं केलंस."

सोबत चिठ्ठीही पाठवली होती. तुमच्याकडे घोडा नसला तरी लेदर जॅकेट, बूट, बॅग असेलच, म्हणून तुम्हालाही सांगते : प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडात ठेवा. भिंतीला टेकवू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बाहेर काढून वारा द्या.