शत्रू कोण, ते आधी लिहा

क्रिप्टोग्राफीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर सूत्र लिहीत नाही, वडनेरची ग्रामपंचायत निवडणूक मांडतो. हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे माझं गाव. समजा, एका वॉर्डात दोन उमेदवार आहेत आणि मतं आरएसए पद्धतीने एन्क्रिप्ट होऊन येतात. पब्लिक की साऱ्या गावाला ठाऊक, सिक्रेट की फक्त निवडणूक अधिकाऱ्याकडे. मत गुप्त राहिलं का?

वर्ग हमखास ‘हो’ म्हणतो. पब्लिक कीमधल्या २०४८ बिटांच्या संख्येचे अवयव कोण पाडणार! मग मागच्या बाकावरून एखादी पोरगी म्हणते, “सर, अवयव पाडायचेच कायले? दोन उमेदवार अन् एक नोटा. तिन्ही त्याच कीने एन्क्रिप्ट करून पाहू. जुळलं ते मत.” बरोबर. १९७७ चं आरएसए जसंच्या तसं वापरलं, तर त्याच मजकुरातून दर वेळी तेच कूट निघतं.

शाफी गोल्डवासर आणि सिल्वियो मिकाली यांनी १९८२ मध्ये नेमक्या या दुखण्यावर बोट ठेवलं. त्यांची अट अशी : शत्रूने आपल्या पसंतीचे दोन संदेश द्यावेत, आपण नाणं उडवून त्यातला एक एन्क्रिप्ट करून द्यावा, आणि तो कोणता हे त्याला निव्वळ अंदाजापेक्षा फारसं बरं सांगता येऊ नये. ही अट पाळायची तर दर वेळी कुटात नवा यादृच्छिक आकडा मिसळावाच लागतो.

ही अट पाळल्याचं प्रूफ मात्र उलट्या बाजूने चालतं. ‘ही पद्धत मोडणारच नाही’ असं आपण म्हणत नाही. ‘कुणी मोडलीच, तर त्यालाच कामाला जुंपून अमुक अवघड गणित सोडवून दाखवतो,’ एवढंच म्हणतो. पोरं इथेच अडखळतात. शत्रूला इतर कुटं उलगडून मागायची मुभा दिली, की त्याचे प्रश्न येत राहतात, उत्तरं द्यावी लागतात आणि सिक्रेट की तर बहुधा आपल्याजवळ नसते. उत्तरपत्रिकेत मी आधी हेच बघतो : कीशिवाय निघूच शकत नाही असं उत्तर कुठे देऊन टाकलंय का? तसं सापडलं की पुढचं पान वाचायचं कारण उरत नाही.

शेवटच्या आठवड्यात रेशन दुकान. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की ठशाची माहिती त्या वेळेपुरत्या एईएस कीने एन्क्रिप्ट होते आणि ती की आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या पब्लिक कीने. वाटेत कान लावून बसलेल्या शत्रूपासून हे जपता येतं. पण कापूस वेचून, धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा ठसाच लागला नाही तर? “मग प्रूफ फसलं का सर?” नाही. त्याने जेवढं म्हटलं तेवढं खरंच आहे. त्या बाईबद्दल आपण त्याला विचारलंच नव्हतं.

म्हणून परीक्षेत सर्वांत जास्त गुणांच्या प्रश्नात मी प्रूफ मागत नाही. या दुकानात शत्रू कोण, त्याच्या हाती काय आहे आणि तो जिंकला असं केव्हा म्हणायचं, एवढं नेमकं लिहून द्या म्हणतो. बहुतेकांना तोच प्रश्न सर्वांत जड जातो.