उसन्या नावाच्या वास्तू

एखाद्या वास्तूला किंवा वस्तीला अधिक नावाजलेल्या ठिकाणाची उपमा देऊन ओळखण्याची रीत जुनी आहे, आणि अशा उपमेने काय मिळते व काय हिरावले जाते, हे छत्रपती संभाजीनगरला चांगले ठाऊक आहे. कारण येथील बीबी का मकबरा ‘दख्खनचा ताज’ या नावाने देशभर पोचला आणि त्याच नावामुळे आग्ऱ्याशी तोलला जाऊन कायम उणा ठरला. असे असूनही याच शहरातून गोव्याला जाणारे तरुण, विशेषतः लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी, पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत पोचतात तेव्हा तिच्याकडे पासपोर्टाशिवाय गाठता येणारा युरोप म्हणून पाहतात. ज्या मापाने स्वतःच्या शहरातील वास्तू उणी ठरवली गेली, तेच माप दुसऱ्याच्या दारी नकळत लावले जाते. म्हणून या वस्तीत खरोखर काय आहे, हे नीट पाहणे अगत्याचे ठरते.

पोर्तुगीज भाषेत ‘फोंताइन्हास’ म्हणजे लहान झरे, आणि आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्याची खूण या नावात राहिली आहे. टेकडी आणि ओरें खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात आधी नारळाची बाग होती, आणि १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाल्यावर वस्ती दाट होत गेली. पिवळ्या, निळ्या आणि तांबड्या भिंतींवर दारे-खिडक्यांभोवती पांढरे पट्टे दिसतात, कारण पूर्ण पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याचा संकेत होता. येथील सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये क्रूसावरील येशूची जी मूर्ती आहे, ती मूळची जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्ममतांची चौकशी करून शिक्षा सुनावणाऱ्या न्यायासनाच्या वाड्यातील असून तिचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत.

या घरांचे एकेक अंग सुटे करून पाहिले, तर ‘युरोप’ हा शब्द अपुरा पडू लागतो. भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणच्या भूमीतून निघणाऱ्या तांबूस, सच्छिद्र दगडाच्या आहेत. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, प्रकाश गाळून देणाऱ्या चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असत. छपरावरील मंगलोरी कौलांचा उद्योग १८६५ मध्ये मंगळूरला बाझेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी उभा केला. दाराशेजारी घराचे नाव मिरवणाऱ्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्यांना ‘अझुलेजो’ म्हणतात आणि हा पोर्तुगीज शब्दही मूळचा अरबी आहे. दारापुढच्या बैठकीच्या ओट्याला, ‘बाल्कांव’ला, नाव पोर्तुगीज असले तरी त्यावर संध्याकाळी चालणाऱ्या गप्पा कोकणीत होतात. याच परिसराला स्थानिक लोक ‘मळा’ म्हणतात आणि टेकडीच्या उतारावरून मळ्याचा मारुती साऱ्या कौलारू छपरांकडे पाहत असतो. त्याची जत्रा पणजीत दरवर्षी भरते, पण युरोप शोधणाऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तो सहसा येत नाही, कारण त्याला घेतले तर उपमा मोडते.

मकबऱ्याचेही असेच झाले आहे. १६५७ मध्ये निधन पावलेल्या दिलरस बानू बेगम यांच्या या समाधीत संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे, उरलेले बांधकाम दख्खनच्या काळ्या दगडावर चढवलेल्या चुन्याच्या गिलाव्याचे आहे, आणि पाहणाऱ्यांनी त्याचा अर्थ खर्चातील काटकसर एवढाच लावला. परंतु ओल्या गिलाव्यात वेली-फुले उठवणे ही संगमरवरात रंगीत खडे जडवण्याहून वेगळी विद्या आहे. तिला वेळेचे भान लागते, कारण चुना आवळण्याआधी हात फिरून जावा लागतो. प्रवेशद्वारावरील लेखात रचनाकार अताउल्ला आणि बांधकाम पाहणारे हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत, तरी साम्य शोधायला आलेली नजर ती न वाचताच पुढे जाते.

साम्याच्या या ओढीचे ओझे अखेर राहत्या माणसांवर पडते. फोंताइन्हासमध्ये कोणाच्या तरी उंबऱ्यावर, पायरीवर किंवा खिडकीला टेकून छायाचित्रे घेतली जाऊ लागली, तेव्हा रहिवाशांना घरांबाहेर मनाई करणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या. घर त्यांचे होते, पण पाहणाऱ्यांच्या लेखी ते पडदा झाले होते. हे केवळ येथेच घडते असे नाही. ऑस्ट्रियातील हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाची प्रतिकृती चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात २०१२ मध्ये उभी राहिली, आणि मूळ गावाने २०२३ मध्ये गर्दीला कंटाळून छायाचित्रांच्या आवडत्या जागी काही काळ लाकडी कुंपण घातले. म्हणजे ज्या युरोपाची उपमा गोव्याला दिली जाते, तो युरोपही अशा नजरेपुढे दार लोटून घेतो.

छायाचित्र काढण्यात दोष नाही. सुंदर भिंतीसमोर उभे राहून आपल्या आयुष्यातील एखादा दिवस जपून ठेवावा, ही इच्छा निर्मळ आहे. मात्र जागा जशी आहे तशी दिसण्यासाठी तिचे उसने नाव क्षणभर बाजूला ठेवावे लागते, आणि ही सवय लावून घेण्यास संभाजीनगरच्या माणसाला पणजीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आग्ऱ्याच्या ताजमागे यमुना आणि मोकळे आकाश आहे, तर मकबऱ्यामागे डोंगरांची रांग आहे, जी पावसाळ्यात हिरवी होते आणि वैशाखात तपकिरी पडते. ताजशी साम्य राखण्यासाठी अनेकदा ती चौकटीबाहेर ठेवली जाते. ज्या चित्रात तिला जागा मिळते, तेच या शहराचे चित्र असते.