गुगलला बाय-बाय, व्हाया धरणगाव!

‘यात ई-पीक पाहणीचं ॲप आहे का?’

मामाने फोन हातात घेतल्या घेतल्या हा एकच प्रश्न टाकला आणि आपली हवा गुल!

झालं असं, की २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एक असाइनमेंट संपवून मी पुण्याहून मामाकडे निघालो. जळगावला उतरायचं, तिथून पाळधीवरून एसटीने धरणगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंडं धरलेली कपाशी. बॅगेत मामासाठी सरप्राइज, म्हणजे माझा जुना रेडमी नोट ४. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत ९,९९९ पासून होती. कंपनीचे अपडेट कधीच बंद झालेत, पण मी त्यात लिनेजओएस टाकलंय. अँड्रॉइडचा खुला कोड घेऊन जगभरचे हौशी प्रोग्रॅमर ही सिस्टिम बनवतात. प्ले स्टोअरच्या जागी एफ-ड्रॉइड, क्रोमच्या जागी फायरफॉक्स, नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स. गुगलचं नामोनिशाण नाही! पुण्यातल्या कॅफेत हा फोन टेबलावर ठेवला की भाव मिळतो.

धरणगावात मिळाला नाही.

मामा कापूसवाला माणूस. त्याच्या जुन्या फोनची १६ जीबी मेमरी ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी भरून गेली होती, नवं काही इन्स्टॉलच होईना. आणि २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची आहे, शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढून. नोंद नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही, मग विमा, हमीभाव सगळीकडे चकरा. त्यात २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात होता ८,११० रुपये क्विंटल! आपण फोन घेताना सेल्फी कशी येते ते बघतो. मामाचं सगळं पीक त्या स्क्रीनवर अडकलेलं.

(गंमत बघा, धरणगावात सीसीआय म्हणजे कापूस महामंडळ. दिल्लीत आणखी एक सीसीआय आहे, स्पर्धा आयोग. अँड्रॉइडच्या जोरावर दादागिरी केली म्हणून त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. मामाला सांगितलं तर म्हणाला, ‘मग आपला कापूस पण तेच घेतात का?’)

मी हट्टाला पेटलो. ऑरोरा स्टोअर नावाच्या ॲपमधून गुगल अकाउंट न उघडताही प्ले स्टोअरवरची ॲप्स मिळतात, ती उतरवली. पण बँकेचं ॲप काही बधेना. फोनची मूळ सिस्टिम बदललेली दिसली की अनेक बँका आणि यूपीआयवाले दारातूनच परत पाठवतात. मामाने शांतपणे अहिराणीत विचारलं, ‘भो, हाऊ फोन पैसाच देस नही, मंग कसाले?’

यावर काय बोलणार?

तसं पाहिलं तर गुगलला पर्याय द्यायचा प्रयत्न अशाच गिऱ्हाइकांसाठी झाला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा फायरफॉक्स ओएसवाला फोन १,९९९ रुपयांत आला. चालला नाही. पण त्याच कोडमधून पुढे कायओएस निघालं आणि २०१७ मध्ये १,५०० रुपये डिपॉझिटवाल्या जिओफोनमधून गावोगाव पोचलं. मामीकडे अजून आहे तो. बटणं दाबून गाणी ऐकते, खूश!

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत होता, मी विचारत होतो की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, स्टोरेज किती, आणि बिघडला तर सर्व्हिस सेंटर जळगावात आहे का. ६४ जीबीचा फोन साडेआठ हजारांत घेतला. कव्हर फ्री. घरी आल्यावर कंपनीने आधीच कोंबलेली अर्धा डझन ॲप्स उडवली, लोकेशन हिस्टरी बंद केली, जाहिरातींचं पर्सनलायझेशन बंद. गुगल अकाउंट मात्र ठेवावंच लागलं. मला आवडलं नाही, पण पीक पाहणी झाली. बांधावर उभं राहून मामाने कपाशीचा फोटो असा काढला, जणू मुलीचं स्थळ बघायला पाठवायचाय!

तिथेच मी त्याला ऑरगॅनिक मॅप्स दाखवलं. महाराष्ट्र आधीच घरी उतरवून घेतला होता, त्यामुळे शेतात रेंज नसतानाही नकाशा चालला. हा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, म्हणजे कुणीही भर घालू शकतं. मामा म्हणाला, ‘यात आपला म्हसोबा कुठंय?’ नव्हता. माझं ओपनस्ट्रीटमॅपचं अकाउंट होतंच. बांधावरून म्हसोबाची खूण केली आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवून दिली.

आणि माझा रेडमी? तो अकरावीतल्या मामेबहिणीने ढापला. किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया ऑफलाइन टाकून दिला. तिने पहिला शोध घेतला बालकवींचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, धरणगाव. ‘आपलंच गाव!’ म्हणून मामीला ओरडून सांगितलं. मग पुढचं वाचून गप्प झाली. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. माझ्याच वयाचे.

परतीच्या बसमध्ये मामाचा फोन आला. शेजारच्या नानांना त्यांची विहीर पण नकाशावर पाहिजे म्हणे. कशी टाकायची?