उताराची तालीम

जुलै महिन्यात पन्हाळ्याच्या राजदिंडीतून खाली उतरणाऱ्या गर्दीत दरवर्षी काही चेहरे असे असतात, की ज्यांनी गेल्या वर्षापर्यंत दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्टच वापरलेली असते. पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर. भर पावसातले दोन दिवस, मसाई पठारावरचा निसरडा जांभा, मग खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी वाड्यावस्त्यांमधून जाणारी वाट, ओढे आणि बूट गिळणारा चिखल. १६६०च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे गेले. त्याच वाटेने निघणाऱ्या आजच्या मोहिमेत पाठीवर कुणी शत्रू नसतो आणि मुक्कामाला गरम आमटी-भात मिळतो. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या शाळेबाहेर चार पायऱ्या भिंत धरून, आडवं होऊन उतरणारी माणसं हमखास दिसतात.

अशा नवख्यांबरोबर प्रस्तुत लेखक बरीच वर्षं चालतो आहे. त्याच्या पाहण्यात येतं ते असं, की नवख्याला धास्ती असते दमाची आणि दगा देतात गुडघे, घोटे आणि तळपाय. ‘चढ जमेल का हो?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उताराबद्दल मात्र कुणीच विचारत नाही.

यामागे शरीराचा एक साधा हिशेब आहे. नियमित चालायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं लवकर प्रतिसाद देतात. काही आठवड्यांतच तोच चढ कमी धापा टाकत चढता येतो, झोप सुधारते, माणूस खूश होतो. स्नायू त्यांच्या मागोमाग येतात. पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, सांध्यांचे अस्थिबंध आणि खुद्द हाडं यांना रक्तपुरवठा कमी किंवा बदलाची चाल मंद. त्यांना महिने लागतात. म्हणजे नवख्याला दीड-दोन महिन्यांनी ‘आता काहीही चालेन’ असं जे वाटतं, ते त्याच्या छातीचं मत असतं. टाचेमागचा कंडरा अजून तिथे पोचलेला नसतो. दुखापती नेमक्या याच टप्प्यावर होतात. पहिल्या आठवड्यात सहसा होत नाहीत, कारण तेव्हा माणूस मुळात जपून असतो.

‘पण वारीत सत्तरीच्या आजीबाई स्लिपर घालून चालतात, त्यांनी कुठे तयारी केली?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर, आणि पुणे ते सासवड ही त्यातली मजल दिवेघाट चढून तीस किलोमीटरच्या वर जाते. आजीबाई ते चालतात हे खरंच आहे. त्या वर्षभर शेतात वाकतात, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून ये-जा करतात, चुलीसमोर उकिडव्या बसतात, हेही तितकंच खरं. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड ही ६७ वर्षांची बाई कापडी बूट घालून, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून तीन हजार किलोमीटरहून लांबीचा अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने चालून गेली. असं करणारी ती पहिली स्त्री. तिची गोष्ट सांगताना लोक वय सांगतात आणि थांबतात. अकरा मुलं वाढवत तिने शेतावर काढलेली कष्टाची वर्षं सांगायची राहून जातात. आजीबाईंचा किंवा गेटवूडबाईंचा आरंभ शून्यातून नव्हता. ठाण्यात बँकेतल्या खुर्चीवर पंधरा वर्षं बसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाचा आरंभ मात्र खरोखर शून्यातून असतो. त्याने पहिल्या दिवशी वारकऱ्यांची बरोबरी करू नये.

बरोबरी करायचीच तर त्यांच्या वेगाची करावी. वारकरी अभंग म्हणत चालतो. व्यायामशास्त्रात श्रम मोजायची एक सोपी कसोटी आहे: चालताना गाता आलं तर श्रम हलके, बोलता येतं पण गाता येत नाही तर मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोराचे. या कसोटीवर वारीची चाल हलक्यात मोडते, म्हणून ती दिवसामागून दिवस टिकते. नवखा मात्र पहिल्याच टेकडीवर घड्याळ लावून तिसऱ्या प्रकारात शिरतो आणि पुढचे चार दिवस घरी बसतो. पहिले दोन महिने सोबत्याशी गप्पा मारत चालणं पुरे. सोबती नसेल तर फोनवर बोलावं, तेवढा तरी फोनचा उपयोग.

दहा हजार पावलांचं व्रतही जरा सैल धरायला हरकत नाही. हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्रामुळे जगभर पसरला, कुठल्या प्रयोगशाळेतून तो आला नाही. सपाट रस्त्यावरची दहा हजार पावलं तब्येतीला चांगलीच, पण मसाई पठाराच्या चढाशी त्यांचा संबंध थोडाच. तिथे किती चढलो-उतरलो हे मोजावं लागतं.

त्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली बांधलेला आडाखा आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढायचा तर अंतर तीनेक किलोमीटर आणि चढाई सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे दीड तासाच्या पुढे-मागे. रविवारी ताक-पिठलं खायला धावत जाणारे नेहमीचे पुणेकर तो तासाच्या आत चढतात, त्यांच्याकडे नवख्याने लक्ष देऊ नये. मुंबईकराला डोंगर लांब, पण जिना घरातच असतो. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर सिंहगडाएवढी चढाई म्हणजे दोनशे मजले. वीस मजल्यांच्या इमारतीत दहा फेऱ्या. अर्थात हे शेवटच्या महिन्यांतलं गणित, सुरुवातीला एक फेरी खूप झाली.

मुंबईतला हा जिना चढणारा गडी वर पोचला की बहुधा लिफ्टने खाली येतो. गुडघे वाचवले असं त्याला वाटतं. पहिल्या महिन्यात, वजन जास्त असताना, ते योग्यही आहे. पुढे मात्र हीच सवय अंगाशी येते. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मापक बसवून भार मोजला आणि २०१०मध्ये आकडे प्रसिद्ध केले: सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त भार येतो, जिना उतरताना तो साडेतीनपटीच्या घरात जातो. शिवाय उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जाता जाता शरीर रोखून धरावं लागतं. या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि वेदना लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते. शाळेच्या पायऱ्यांवर आडवी उतरणारी माणसं ती हीच.

चांगली गोष्ट अशी, की हा स्नायू धडा पटकन घेतो. एकदा चांगला लांब उतार उतरून पाय भरून आले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते पहिल्यासारखे भरत नाहीत. म्हणून मोठ्या मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी एक भरपूर उताराची चाल ठेवावी. कात्रज ते सिंहगड हा टेकड्यांच्या माथ्यांवरून सतत चढ-उतार करत जाणारा रात्रीचा ट्रेक या कामाला उत्तम. शेवटच्या आठवड्यात मात्र असलं काही करू नये.

कोल्हापूरकरांना उताराची ही तयारी वेगळी शिकवावी लागत नाही. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत तालमीतून आलेली पोरं असतात, ती सरींनी झोडपल्यावरही उतारावर सरळ, पाय मोकळे टाकत जातात. बैठक हे त्याचं कारण. बैठकेत खाली जाताना मांडी जे काम करते, तेच काम डोंगर उतरताना करते. नवख्याने मात्र पैलवानाची बैठक पहिल्या दिवशी मारू नये. खुर्चीवर बसावं, सावकाश, चार आकडे मोजत, आणि हात न टेकता उठावं. खुर्ची सोपी वाटायला लागली की जिन्याच्या पायरीवरून एका पायावर हळू खाली टेकण्याचा सराव. खरी बैठक त्यानंतर. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि घरातली माणसं हसतात, त्याला इलाज नाही.

मोहिमेत पाठीवर ओझंही असतं, त्याच्या सरावाला पुण्याच्या टेकड्यांवर एक सुंदर उत्तर आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी इथे सकाळी फिरायला येणारी कितीतरी माणसं खालून पाण्याचे कॅन घेऊन चढतात आणि वर लावलेल्या रोपांना पाणी घालतात. सरावाला याहून चांगली सोय नाही: चढताना पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, उतरताना सॅक रिकामी, गुडघे सुरक्षित, आणि उन्हाळ्यात झाड जगतं. उतार अंगवळणी पडल्यावर एखादी बाटली परतीला ठेवून द्यावी.

बुटांवर लोक फार पैसे घालवतात. सह्याद्रीत अ‍ॅक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग बूट घालून आयुष्यभर हिंडलेले लोक आहेत. जांभ्यावर आणि शेवाळावर पकड महत्त्वाची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बूट मोहिमेच्या आधी भरपूर चाललेला असणं. आषाढात कुठलाही बूट आतून ओला होतोच. दिवसभर भिजलेली कातडी मऊ पडते आणि सोलवटते, म्हणून मुक्कामी पोचल्याबरोबर पाय कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावं, कोरडे मोजे फक्त झोपेसाठी राखून ठेवावेत. सरावातही दोन-तीनदा मुद्दाम ओल्या बुटांत चालून पाहावं.

पाण्याबद्दल एवढंच, की नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. दमट हवेत घामाबरोबर मीठ जातं, तेव्हा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, खारे शेंगदाणे जवळ असावेत. चाळिशी उलटलेल्याने सुरुवात करण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावं. चढावर छातीत दाब जाणवला तर ‘पित्त असेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

जुलैच्या मोहिमेसाठी संक्रांतीच्या सुमारास चालायला लागावं. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत परतावं, सलग तीन आठवडे वाढवत नेलं की चौथा हलका ठेवावा, आणि जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की एखादा लहान गड पावसात उतरून बघावा. त्या उतारानंतर तीन दिवसांनीही गुडघा सुजलेला असेल, तर या वर्षी नाव मागे घ्यावं आणि सराव चालू ठेवावा. पावनखिंडीची मोहीम दरवर्षी निघते.