एकच रकाना

मुलं बारावी झाली की आईवडिलांचा जून-जुलै कॉलेजं बघण्यातच जातो. गेल्या वर्षी आमचीही तीच गत झाली. आमचं घर बेळगावचं, माझं माहेर धारवाडचं. सासरी मराठी, माहेरी कन्नड. लेक दोन्हींत वाढली. वडिलांशी मराठी, माझ्याशी कन्नड आणि भांडण निघालं की तोंडात येईल ती.

कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची चौकशी करायला आम्ही तिघं निघालो. निपाणीपर्यंत कर्नाटकची बस. २०२३ च्या जूनपासून राज्यातल्या बायकांना साध्या बसमध्ये पैसे पडत नाहीत. "आपलं तिकीट शून्य, बाबांचंच काय ते!" म्हणून लेक खुशीत होती.

कॉलेजात फिरताना प्रत्येकाचे प्रश्न वेगळे. ह्यांनी विचारलं, "नोकऱ्या किती जणांना लागतात?" मी हॉस्टेलच्या बाईंना विचारलं, "बाथरूमच्या कड्या नीट लागतात ना?" लेकीनं लाजून माझा पदर ओढला. मग तिनंच शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला गाठून विचारलं, "इथं मुलं नापास कशात होतात?" ती हसून म्हणाली, "गणितात." माहितीपत्रकात हे कुठं छापतात?

खरी अडचण चौकशीच्या खिडकीपाशी आली. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळी सोय आहे. पण मुलाची मातृभाषा मराठी हवी. क्लार्कनी कागद चाळत विचारलं, "मातृभाषा?"

लेक गप्प. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "अम्मा, एन हेळ्ली?" काय सांगू, म्हणून विचारत होती आणि तेही कन्नडमध्ये! माझ्या पोटात गोळाच आला. ह्यांनी ऐकलं, आता जागा गेली, असं वाटलं.

क्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं आणि खुर्चीकडं हात करून म्हणाले, "कूड्री, अम्मा." मग मराठीत, "माझं आजोळ गडहिंग्लजकडचं. आमच्याकडंही दोन्ही चालतात. शाळेच्या दाखल्यावर काय आहे?"

दाखल्यावर 'मराठी' होतं. पहिलीत नाव घालताना ह्यांनी सांगितलं होतं आणि शेजारी बसून मीच मान डोलावली होती.

"मग तेच लिहा. रकाना एकच आहे हो, दोन मावत नाहीत."

खोटं त्यात काहीच नव्हतं. लेक मराठी शाळेत शिकली, सासूबाईंच्या मांडीवर बसून पहिले शब्द मराठीतच बोलली. मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली मराठी शिकले. तरी 'मातृभाषा' या शब्दातली माता मीच ना? पेन लेकीच्या हातात होतं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

परतताना कागलच्या पुढं तिनं विचारलं, "वाईट वाटलं तुला?"

"थोडं," मी म्हटलं. "पण अडल्यावर तू कन्नडमध्येच विचारलंस की गं."

रात्री धारवाडहून आईचा फोन आला. नातीनं तिला हॉस्टेल, जेवण, गणितात नापास होणारी मुलं, सगळं कन्नडमध्ये रंगवून सांगितलं. रकान्याचं तेवढं सांगितलं नाही. मीही नाही.