दाब

अंगठ्याचं बूड आधी फक्त पावसाळ्यात दुखायचं, आता बारमाही दुखतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, सांध्यातली कुर्चा झिजलीय म्हणाले आणि विचारलं, "जोराचं काम काही करता का?" या गृहस्थांची अक्कलदाढ मीच काढलेली आहे.

खालची दुसरी दाढ काढताना दाबाचा सगळा हिशेब या सांध्यावर येतो. ओढण्याचा नव्हे. दाढ ओढून काढतात हा समज जाता जात नाही. आम्ही ती आधी खाली दाबतो, मग गालाकडे, जिभेकडे डोलवतो; जमिनीतला खुंटा हलवून हलवून सैल करावा तशी. हाड थोडं थोडं पसरतं आणि एका क्षणी मूळ सोडतं. तो क्षण मनगटाला आधी कळतो. घाई केली तर मुळाचं टोक आत राहतं, आणि मग पुढचा अर्धा तास कुणाचाच चांगला जात नाही.

माझा हात झटपट होता. पेशंट गॉझ चावत, अडखळत म्हणायचा, "काढली पण? कळलंसुद्धा नाही!" कराडच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम रेंगाळलेलो आहे. या वेगाचा आणखी एक फायदा होता, तो आता कळतो. मला पेशंटशी फारसं बोलावं लागत नसे. "आ करा, थोडंच राहिलंय," एवढ्यात काम व्हायचं. अंगठा कुरकुरायला लागल्यापासून दोन डोलवण्यांच्या मधे मला थांबावं लागतं. त्या थांबण्यात पेशंट विचार करतो.

आणि विचार कशाचा करतो, तर दाबाचा. भुलीच्या लिग्नोकेननं दुखणं जातं, दाब जात नाही. वेदना नेणारे मज्जातंतू बारीक, ते लवकर गप्प होतात. स्पर्श आणि दाब नेणारे जाड, ते बराच वेळ जागे असतात. ओठ जाड झाला, हिरडीत टोचलेलं कळत नाही, सगळं ठीक. चिमटा बसवून पहिला दाब दिला की माणूस खुर्चीचा हात घट्ट पकडतो. "दुखतंय?" "हो." चिमटा काढून टोचून बघावं, तर "नाही." दोन्ही वेळा तो खरंच सांगत असतो. त्यात मधेच कट्ट असा आवाज. मला तो हवेतून ऐकू येतो, त्याला जबड्याच्या हाडातून थेट कानात.

पण कधीकधी खरंच दुखत असतं. दाढ ठणकत असताना, आत पू असताना, तिथल्या ऊतींतली आम्लता वाढलेली असते आणि भूल नीट चढत नाही. तेव्हा दाबानं कळवळणारा चेहरा आणि वेदनेनं कळवळणारा चेहरा वेगळा कसा ओळखायचा? इतकी वर्षं मी याच एका जागी अडलोय. आता मी चेहरा बघतच नाही, पाय बघतो. दाबाला माणूस सावकाश ताठरतो, कळ आली तर टाच एकदम उचलली जाते. हा माझा अंदाज, पुस्तकात नाही. आणि तो फसतोही. गळिताच्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड बायका येतात. रूट कॅनालला पुन्हा पुन्हा यायला त्यांना सवड नसते, दाढ आजच्या आज हवी असते काढून. त्यांची टाच हलत नाही, पापणी हलत नाही. त्यांना काय होतंय हे ओळखायला माझ्याकडे काहीच नाही.

म्हणून आता सुरुवातीलाच पेशंटच्या दंडावर अंगठा रोवून दाखवतो. (तोच अंगठा.) "दादा, असा दाब लागणार, याच्या दुप्पट लागणार, तो काही मला घालवता येत नाही. पण चमक आली, सुई टोचल्यागत झालं, तर डावा हात वर करा, मी थांबतो." निम्मे लोक तरीही दाबालाच हात वर करतात. मी थांबतो.

गावागावांत 'वेदनारहित दात काढून मिळतील' असे बोर्ड लागलेत. ते वाचलं की मला होरेस वेल्स हा अमेरिकी दंतवैद्य आठवतो. त्यानं 1844 साली हार्टफर्डमध्ये लाफिंग गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली आणि पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग लावला. पेशंट ओरडला. जमलेल्यांनी थोतांड म्हणून वेल्सला हुसकलं. नंतर त्या पेशंटनं म्हणे कबूल केलं की फारसं काही दुखलं नव्हतं. बोर्ड रंगवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

दाढ काढल्यानंतरच्या सूचना आम्ही सगळेच घोकून घोकून सांगतो: थुंकू नका, आज चूळ भरू नका, मिशरी-तंबाखू बंद. तरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी कानशील धरून येतं. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलेलं, तोंडाला वास. "डॉक्टर, दाढ होती तेव्हासुद्धा एवढं दुखत नव्हतं." हे मात्र खरोखरचं दुखणं, त्यात मला कधी शंका आली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टर मुलीला हाताशी घेतलं. ती खालच्या दाढेला चिमटा लावायच्या आधी हँडपीसनं मधोमध कापते आणि दोन्ही मुळं वेगवेगळी काढते. दाब निम्म्याहून कमी लागतो, हाडही वाचतं. मी तिला सुतारीण म्हणायचो. आमच्या वेळी दाढ मुळांसकट अख्खी ट्रेमध्ये पडली तर ती काढली असं धरायचे. तुकड्यांत काढणं म्हणजे हात नसल्याची कबुली. अजून मला तसंच वाटतं, कितीही फायदे ऐकले तरी.

आता खालच्या दाढा तिच्याकडे जातात, वरच्या माझ्याकडे. परवा पलीकडच्या खोलीतून एका आजींचा आवाज आला, "अगं बाई, काढलीस पण? कळलंसुद्धा नाही मला." मी हातातलं काम असिस्टंटकडे दिलं, हात धुण्याच्या निमित्तानं तिकडे गेलो आणि ट्रेमधले तुकडे मोजून आलो.